सव्वीस फटके

वालाचं बिरडं आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल आई कोमट पाण्याच्या परातीत ओतायची आणि आम्हाला हाक मारायची. वाल चिमटीत धरून जरा दाबला की सालातून दाणा सुळकन बाहेर येतो. जास्त दाबला तर त्याच्या दोन डाळी होतात, कमी दाबला तर तो बोटांतून निसटून पुन्हा पाण्यात जातो. कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या फरशीवर, परातीभोवती आई, मी आणि सुट्टी असली तर बाबासुद्धा बसायचे. माझी धाकटी बहीण मंजू उंबऱ्यावर बसायची आणि पाण्यावर तरंगणाऱ्या सालांकडे बघत राहायची. नऊ वर्षांची होती ती तेव्हा, पण तिला वाल सोलता येत नसे. फ्रॉकचं बटण लावता येत नसे, पेला धरला तर अर्धं पाणी अंगावर यायचं, आणि चालताना तिच्या टाचा जमिनीला कधी लागायच्याच नाहीत. जिना उतरायला लागली की ती एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहायची आणि मागून येणारी माणसं आमच्यावर खेकसायची. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात कानांवर दाबून पलंगाखाली जायची. चाळीतल्या बायका तिला 'जरा मंद आहे' म्हणायच्या. ऑटिझम हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा बाबांनी तो कॅलेंडरच्या मागे मराठीत लिहून ठेवला होता, कारण आईच्या तो लक्षात राहत नव्हता.

मंजू बोलायची, पण स्वतःचं वाक्य जुळवून नाही. ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं, ज्याच्या त्याच्या सुरात म्हणायची. भूक लागली की आईच्या आवाजात म्हणायची, 'मंजू, जेवायला चल.' बाहेर जायचं असलं की बाबांच्या घाईत, 'किल्ली घेतली का?' पोटात दुखायला लागलं की एका डॉक्टरांच्या जाड आवाजात, 'जीभ बघू.' नवख्या माणसाला ती काहीही बरळतेय असं वाटायचं. आम्हाला मात्र माहीत होतं की तिचं एकही वाक्य हवेतून येत नाही. ते कुणीतरी, कुठेतरी, तिच्यासमोर म्हटलेलं असतं, आणि ते कुणाचं आणि कधीचं हे शोधलं की तिला काय म्हणायचंय ते कळतं. या शोधात घरात सगळ्यात तरबेज मी होतो. आई गोंधळली की मला विचारायची, "अवी, हे कुणाचं रे?" आणि मी बहुतेक वेळा बरोबर सांगायचो. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवतोय, कारण पुढे मी जे केलं त्याला मला काही माहीत नव्हतं ही सबब चालत नाही.

नौपाड्यातल्या एका दवाखान्यात दर शनिवारी काळेबाई नावाच्या एक थेरपिस्ट बसायच्या. मुलांच्या हातापायांच्या हालचाली सुधारायचं त्यांचं काम. पांढरे होत आलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मुलांशी बोलताना त्या जमिनीवर बसायच्या. त्यांनी मंजूला चेंडू टाकून बघितला, दोरीवरून चालवून बघितलं, आणि आईला म्हणाल्या, "हिचा डोळा एक सांगतो आणि हात दुसरंच करतो. दोघांची ओळख करून द्यायला हवी. घरात कुणी काही खेळतं का?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा खेळतो. बॅडमिंटन. मंडळाच्या हॉलमध्ये."

"मग हाच हिचा मास्तर," काळेबाई म्हणाल्या. "पण एक सांगते, बाळ. ती दमली तर थांबायचं. ती थांबली तरी थांबायचं. खेळ तिचा आहे, तुझा नाही."

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मास्तर म्हटल्याचं मला भारी कौतुक वाटलं. वाक्याचा पुढचा भाग मी ऐकला, पण घरी आणला नाही.

सुरुवात फुग्याने झाली, कारण फुगा सावकाश येतो आणि डोळ्याला त्याच्यामागे जायला वेळ मिळतो. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांनी माझ्या जुन्या रॅकेटचा दांडा कापून आखूड करून आणला, आणि आईने मुठीवर जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून ती मंजूच्या हाताला पुरेल इतकी जाड केली. संध्याकाळी साडेपाच वाजता, चाळीतले पुरुष कामावरून यायच्या आधी, आमच्या मजल्याची गॅलरी रिकामी असायची. तिथे मी खडूने फरशीवर दोन पावलं काढायचो, टाचांसकट, आणि मंजूला त्यांच्यावर उभं करायचो. तिच्या टाचा खाली टेकायला दोन महिने लागले. फुग्यानंतर मोज्यात घातलेला स्पंजचा चेंडू, कपडे वाळत घालायच्या दांडीला दोरीने टांगलेला. तो पुढे-मागे झुलायचा आणि ती त्याच्याबरोबर डोकं हलवत राहायची, मारायची नाही. मग एक दिवस तिने मारला. चेंडू दांडीला वेढा घालून परत आला, तिने पुन्हा मारला. त्यानंतर शटल, आम्ही त्याला फूल म्हणायचो, आधी दोन पावलांवरून हाताने टाकलेलं, मग चार पावलांवरून, मग माझ्या रॅकेटवरून. उजवीकडे टाकलेलं फूल तिला लवकर जमलं. डावीकडचं घ्यायला हात अंगाच्या पलीकडे न्यावा लागतो, ते जमायला सगळा पावसाळा गेला.

ती फटके मोजायची. तोंडातल्या तोंडात, शाळेतल्या पाढ्यांच्या सुरात. आणि सव्वीस झाले की थांबायची. रॅकेट जमिनीवर ठेवायची, रॅकेटचं तोंड भिंतीकडे करून, आणि घरात जायची. चुकलेला फटका ती मोजायची नाही, त्यामुळे कधी सव्वीसला पाऊण तास लागायचा, पुढे पुढे पाच मिनिटं. पण सव्वीस म्हणजे सव्वीस. का सव्वीस, ते आम्हाला कधीच सापडलं नाही. एकदा मी गंमत म्हणून सत्ताविसावं फूल टाकलं तर ते तिच्या कपाळावर आपटून खाली पडलं आणि तिने डोळाही मिचकावला नाही. तिच्या लेखी खेळ संपलेला होता.

अशी अडीच-तीन वर्षं गेली. मग एका दुपारी आई आणि मी वाल सोलत असताना मंजू उंबऱ्यावरून उठली, परातीपाशी येऊन बसली आणि तिने पाण्यात हात घातला. पहिला दाणा चिरडला. दुसरा निसटला. तिसरा सुळकन बाहेर आला आणि ओट्याखाली गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता सोलत राहिलो, कारण बघितलं असतं तर आईला रडू आलं असतं. सबंध परात होईपर्यंत मंजू उठली नाही. त्या दिवशी बिरड्यात मीठ घालायला आई विसरली आणि बाबांनी दोनदा मागून घेऊन ते तसंच खाल्लं. महिन्याभरात मंजू स्वतःची बटणं लावायला लागली, आमटीची वाटी न सांडता ताटात ठेवायला लागली, जिना एकेक पाऊल टाकत उतरायला लागली. आई चाळीत सांगत सुटली, "अवीने केलं हो सगळं. अवीमुळे झालं." आणि मी, तेव्हा सतरा वर्षांचा, हे ऐकत ऐकत मोठा झालो.

मागच्या वर्षी डोंबिवलीतल्या एका संस्थेने मला पालकांच्या बैठकीला बोलावलं होतं. तिथे आता स्वमग्न मुलांना बॅडमिंटन, टेबल टेनिस शिकवतात, रंगीत रॅकेटी असतात, हवेत सावकाश तरंगणारी मोठी फुलं असतात, प्रत्येक मुलामागे एक शिक्षक असतो. कुणीतरी त्यांना सांगितलेलं की कल्याणला एक गृहस्थ राहतात, त्यांनी हे त्या काळी, कुठलीही सोय नसताना केलं. मी गेलो. फुग्याचं सांगितलं, खडूच्या पावलांचं सांगितलं, वालांचं सांगितलं तेव्हा दोन-तीन आयांनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या. एका तरुण बापाने माझे पाय धरले. मी वालांपाशी थांबलो आणि घरी आलो. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही, आणि पुढचं आता लिहून काढल्याशिवाय ती लागेल असं वाटत नाही.

मंडळाच्या हॉलचे सेक्रेटरी मोकाशीकाका होते. पोटाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, मनाने वाईट नव्हेत. मी सतरा वर्षांचा होतो त्या वर्षी बाहेरगावी खेळाडूंचं एक शिबिर होतं आणि आमच्या मंडळातून एकाचंच नाव जाणार होतं. माझ्याइतकाच बरा खेळणारा आणखी एक मुलगा होता, खरं तर माझ्याहून सरस. एका संध्याकाळी काकांनी मला बाजूला घेतलं. "अव्या, ऐक. वर्धापनदिनाला जे पाहुणे येतायत ना, त्यांच्या शब्दावर नाव जाणार आहे. त्यांना समाजकार्याची आवड आहे. तुझ्या बहिणीचं ऐकलंय मी. स्टेजसमोर दोघं खेळून दाखवा पाच मिनिटं. किती मारते ती?"

"शंभर," मी म्हणालो.

"न थांबता?"

"आरामात."

का शंभर म्हणालो, हे मी आयुष्यभर स्वतःला विचारत आलोय. सव्वीस हा आकडा मला तेव्हा केविलवाणा वाटला, एवढंच उत्तर येतं. मंजूला मी समजावीन, ती माझं ऐकते, असंही वाटलं असेल. आईला पाठवायचं नव्हतं. "तिथे लाऊडस्पीकर असेल, ढोल असेल," ती म्हणाली. मी म्हणालो, "काही नाही गं, घरगुती कार्यक्रम आहे. मी काकांना सांगितलंय." मी काकांना काहीही सांगितलेलं नव्हतं. आईला त्या दिवशी नेमका ताप भरला, बाबा कामावर होते. आईने पडल्या पडल्या मंजूची वेणी घातली, निळा फ्रॉक काढून दिला. बटणं मंजूने स्वतः लावली.

हॉलमध्ये ढोल होता. लाऊडस्पीकरही होता. मंजू दारातच कानांवर हात ठेवून थांबली, तर मी तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढत आत नेलं. पाहुणे आल्यावर ढोल बंद झाला आणि ती हळूहळू शांत झाली. आम्हाला कोर्टावर बोलावलं. मी खडू आणला होता, पावलं काढली, ती त्यांच्यावर उभी राहिली आणि मी पहिलं फूल टाकलं. ती खरोखर सुंदर खेळली. इतक्या माणसांत, इतक्या उजेडात, मान वाकडी करून, ओठ हलवत, एकही फटका न चुकवता. खुर्च्यांवरची माणसं पुढे सरकून बघायला लागली. फोटोवाल्याने फोटो काढला. तेवढ्यात मोकाशीकाकांनी माईक हातात घेतला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली, 'अठरा, एकोणीस, वीस', आणि सगळा हॉल त्यांच्यामागे मोजायला लागला. मंजूचे खांदे वर चढले, पण तिने सोडलं नाही. चोवीस, पंचवीस, सव्वीस. ती वाकली, रॅकेट जमिनीवर ठेवली, तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि दाराकडे निघाली.

टाळ्या पडल्या. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण काका माईकवरून म्हणाले, "अरे, अजून चौऱ्याहत्तर बाकी आहेत, शंभर मारणार आहे आपली मंजू." लोक हसले. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी धावत जाऊन तिला दंडाला धरून परत आणलं, रॅकेट उचलून तिच्या हातात दिली. तिने ती सोडून दिली. मी पुन्हा उचलली आणि तिची बोटं एकेक करून मुठीवर दाबून बसवली, वरून माझा हात आवळला. तिच्या कानाशी वाकून, दात ओठ खात म्हणालो, "मूठ आवळ. आवळ म्हणतो ना. माझी इज्जत घालवू नकोस." तिने माझ्याकडे बघितलं. मंजू कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, तेव्हाही बघत नसे, पण त्या क्षणी तिने बघितलं. मी हात काढला आणि रॅकेट खाली पडली. मी तिच्या थोबाडीत मारली.

मागून कुणीतरी हसलं, ओशाळून हसतात तसं. काकांनी माईकवर काहीतरी सावरून घेतलं, 'पोरगी लाजली' असं काहीतरी, आणि लगेच मला स्टेजवर बोलावलं. मी गेलो. मंजूला बरोबर घेऊन गेलो. पाहुण्यांनी मला शाल पांघरली, नारळ दिला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." मी वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारी मंजू चवड्यांवर उभी होती आणि तिच्या डाव्या गालावर माझी चार बोटं उठलेली होती. पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाला ती दिसत असणार.

घरी जाताना ती माझ्या चार पावलं पुढे, टाचा उचलून चालली होती. मी वाटेभर वाक्य जुळवत होतो. तिच्यासारखं ऐकलेलं वाक्य नव्हे, तर माझं स्वतःचं, नवंकोरं. आईला सांगितलं, "ढोल अचानक वाजला गं. घाबरली, पळताना खांबावर आपटली." आईने तापातच उठून मंजूच्या गालाला हळद लावली. "मीच पाठवायला नको होतं," ती म्हणाली. "कळत होतं मला." मी शाल घडी करून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मंजू गॅलरीत आली नाही. रॅकेट आम्ही हॉलमध्येच विसरलो होतो, मी माझी दुसरी पुढे केली तर ती भिंतीला पाठ घासत दूर गेली. उजव्या हाताची मूठ करून तिने काखेत धरली ती धरलीच. जेवायची डाव्या हाताने, सांडत. बटणं लावेना. वालाची परात आली की उठून जायची. आणि मग ती बोलायला लागली. आई पोळ्या करत होती, मी जेवत होतो, आणि मंजू पलंगावरून माझ्या आवाजात, दात ओठ खाऊन म्हणाली, "मूठ आवळ. आवळ म्हणतो ना. माझी इज्जत घालवू नकोस."

आईचं लाटणं थांबलं. तिने नेहमीसारखं मला विचारलं, "अवी, हे कुणाचं रे?"

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि म्हणालो, "कुणाचं नाही गं. टीव्हीवरचं असेल. ती काहीही बोलते. तिच्या बोलण्याला कुठे अर्थ असतो."

मारण्याचं मी कधीतरी स्वतःला माफ करू शकेन. सतरा वर्षांचा होतो, घाबरलो होतो, चारचौघांत तोंडघशी पडलो होतो. पण हे वाक्य मी शांतपणे, जेवताना म्हणालो. तिच्याजवळ जे एकच साधन होतं, ऐकलेलं खरं तसंच्या तसं सांगण्याचं, तेच मी खोटं पाडलं. आणि तेही मी, ज्याच्यावर तिचं बोलणं समजून सांगण्याची घरात भिस्त होती. आईने माझ्यावर विश्वास ठेवला. मंजू दिवसातून वीस-पंचवीस वेळा ते वाक्य म्हणायची आणि आई आधी दुर्लक्ष करायची, मग वैतागायची, मग 'गप गं मंजू, पुरे आता' म्हणायला लागली. बाबाही म्हणायला लागले. जवळजवळ तीन आठवडे ती मुलगी घरात खरं सांगत होती आणि आम्ही तिला गप बसवत होतो. त्याच आठवड्यांत शिबिरासाठी माझं नाव आलं आणि आई माझ्यासाठी लाडू वळायला बसली.

हॉल झाडायला पारूमावशी यायच्या. कोपरीच्या जुन्या गावातल्या, सत्तरीच्या, कमरेला लुगड्याचा घट्ट काष्टा. एका सकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात मंजूची आखूड रॅकेट. "पोरीची हाय ना ही? कपाटाच्या मागं परली व्हती," त्या म्हणाल्या. आईने त्यांना आत बोलावलं, चहा टाकला. मी आतल्या खोलीत बॅग भरत होतो. मंजू पलंगावर बसून तिचं वाक्य म्हणाली. आई म्हणाली, "गप गं. बघा ना मावशी, कुठून शिकली, काहीच्या काही बोलते."

मावशींनी कप खाली ठेवला. "काहीच्या काही कशाला, बाय? तुझे पोराचंच बोलनं हाय ते. पोरीचे थोबारीत मारली ना त्यानं, सगल्यांचे समोर. मी खांबाला टेकून उबी व्हती. तुला सांगितला नाय का त्यानं?"

पारूमावशी चहा संपवून गेल्या. मग आई आतल्या खोलीच्या दारात आली. मी बॅगेची चेन लावायचा बहाणा करत होतो.

"मारलंस तू तिला?"

"हो."

"ती म्हणते ते तू म्हणालास?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांग."

"हो. मी म्हणालो."

मला वाटलं ती मलाही मारेल. ती वळली आणि मंजूसमोर जमिनीवर जाऊन बसली, काळेबाई बसायच्या तशी. मंजूने तिच्याकडे बघितलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "मूठ आवळ. आवळ म्हणतो ना." आई म्हणाली, "हो मंजू. म्हणाला तो असं. दादा म्हणाला. आणि मारलं त्याने. खरं आहे तुझं." मंजू बोलायची थांबली. थोड्या वेळाने तिने पुन्हा सगळं वाक्य म्हटलं, जरा हळू, आणि आईने पुन्हा तेच उत्तर दिलं. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मी दाराआडून ऐकत होतो. शेवटी कुकरची शिट्टी झाली आणि मंजू पलंगाखाली गेली. आई गॅस बंद करून तिच्यामागे पलंगाखाली जाऊन आडवी झाली.

मला ती एकच गोष्ट बोलली. दुसऱ्या दिवशी निघताना लाडवांचा डबा हातात देऊन म्हणाली, "तुझं खेळ तू. हिच्या रॅकेटला आता हात लावायचा नाही." आणि मी शिबिराला गेलो. हेही लिहिलं पाहिजे. जायला नको होतं, तो दुसरा मुलगा जायला हवा होता, हे मला त्या क्षणीही कळत होतं, आणि मी गेलो. पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत त्या वर्धापनदिनाचा फोटो दाखवला. मारण्याआधीचा फोटो. मंजू हवेतल्या फुलाकडे बघतेय आणि मी समोर हसतोय. साहेब म्हणाले, "वा."

माझ्या मागे आईने गॅलरीत नव्याने सुरुवात केली. जिने जन्मात कधी रॅकेट धरली नव्हती ती बाई पदर खोचून, फुगा फुगवून साडेपाचला उभी राहायची. काळेबाईंनी तिला सांगितलं होतं, फुगा तुम्हीच उडवत बसा, तिला बोलवू नका. तीन महिने आई एकटीच फुगा उडवत होती आणि चाळ हसत होती. मग मंजू आली. डाव्या हाताने खेळायला लागली. उजव्या हाताची मूठ सुटायला आणखी वर्ष गेलं. वाल ती पुढे सोलायला लागली ते डाव्याच हाताने, आणि आजही डाव्यानेच सोलते.

आता आई नाही, बाबाही नाहीत. मंजू कल्याणला आमच्याकडे असते, केस माझ्याइतकेच पिकलेत. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी बायको तिच्याशी खेळते, सुट्टीला आली तर मुलगी खेळते. माझ्याशी मंजू खेळत नाही. आई गेल्यावर एकदा बायको आजारी होती म्हणून मी रॅकेट घेऊन समोर उभा राहिलो, तर मंजूने तिची रॅकेट खाली ठेवली, तोंड भिंतीकडे करून, एकही फटका न मारता. मी तिला कितीदा सांगितलंय, चुकलो म्हणून, समोर बसून, तिच्या पद्धतीने हळूहळू. ती ऐकते की नाही मला कळत नाही. ते वाक्य ती अजूनही वर्षातून दोन-चार वेळा म्हणते, माझ्या सतरा वर्षांच्या आवाजात, आणि मी म्हणतो, "हो मंजू. मी म्हणालो." घरात दुसरं कुणी असलं तरी म्हणतो. पाहुणे असले तरी.

मी फुलं गोळा करतो. बायकोला वाकवत नाही आणि मंजू पडलेलं फूल स्वतः उचलत नाही, म्हणून गाड्यांखाली, कुंड्यांमागे गेलेली फुलं काढून आणायचं काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला ती मी आणलेलं फूल घ्यायची नाही, मी ते बायकोकडे द्यायचो आणि बायको तिला. गेल्या दिवाळीनंतर कधीतरी, मी स्कूटरखालून फूल काढून उभा राहिलो, तर मंजू माझ्याकडे न बघता उजवा हात बाजूला करून उभी होती, पंजा उघडा. मग तिच्या बोटांना माझी बोटं लागणार नाहीत अशा बेताने फूल वरून सोडलं आणि मागे सरलो.